छाट

रोज ऑफिसात मी आकडे भरते,
एका विडी कारखान्याचं जीएसटी रिटर्न.
सीएसाहेब म्हणतात, नीट बघ,
पानावरचा कर वेगळा, विडीवरचा वेगळा.
रविवारी घरी असते, विडी घरकुलात,
तिथं आईच्या मांडीवर सूप,
सुपात जर्दा, ओल्या फडक्यात तेंदूपान.

अशा एका रविवारी थोकोझानी आली.
मलावीची. पुण्यात शिकते,
तंबाखू महाग केली की माणसं ती सोडतात का, हा तिचा विषय.
दारात तिनं चप्पल काढली, आत आली आणि थांबली.
डोळे मिटून म्हणाली,
आमच्या कोठारात हाच वास यायचा.

ती इंग्रजीत बोलायची, आई तेलुगूत,
मधे मी, माझं मराठी घेऊन,
दोन्हीकडून थोडं थोडं सांडत.

ती म्हणाली, कर वाढला की विडी महागते,
महागली की ओढणारे कमी होतात,
गरीब आधी सोडतात, पोरं सुरूच करत नाहीत.
आई म्हणाली, चांगलंय की.
कात्री चालूच.
मग म्हणाली, कमी म्हंजे किती कमी?
माझ्या सुपातले किती?

थोकोझानीनं वहीत काहीतरी लिहिलं,
खोडलं.

तिची आईही तंबाखूत होती, कासुंगूकडं.
सकाळी दवात भिजलेली पानं खुडायची,
दुपारी ओकायची, रात्री घेरी.
पान हातातूनच अंगात शिरायचं,
आणि लिलावात भाव ठरवायचा
ज्यानं ते पान कधी खुडलं नाही तो.
मी हे तेलुगूत सांगेपर्यंत
आईनं तिचा हात ओढून घेतला,
बोटांची पेरं उलटीपालटी करून बघितली,
डॉक्टर बघतो तशी नाही,
बाजारात वांगं बघतात तशी.

मग तिला एक पान दिलं, साचा दिला.
पहिली विडी फुगली, दुसरी सुटली.
तिसरी आईनं कानाशी नेऊन चिमटीत फिरवली
आणि बाजूला टाकली.
छाट.
आम्ही तिघीही हसलो.

ओकटी, रेंडू, मूडू, आई मोजत होती.
मोझी, विरी, तातू, ती.
पंचवीसला कट्टा बांधला.
चाळीस कट्टे म्हणजे हजार,
हजाराला मजुरी,
आणि पान कमी पडलं तर ते आईनंच विकत घ्यायचं.

जाताना तिनं विचारलं, घरात कुणी ओढतं?
मी नाही म्हणाले.
आता कुणी नाही, हे सांगायचं राहिलं.

बाबा टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला.
चेकर हजारातल्या साठ-सत्तर काढून टाकायचा,
तोंड सैल, पानाला भोक, दोरा ढिला.
मोडून फेकायचा नियम.
आई त्या पदरात घालून आणायची,
वाया कशाला घालवायचं म्हणून.
बाबांनी जन्मात विडी विकत घेतली नाही.
कुठलाही अर्थमंत्री त्यांच्यापर्यंत पोचला नसता,
फुकटाला कर कसा लावणार?
ते तोंड सैल असलेल्याच ओढत राहिले, वीस वर्षं,
सिव्हिलमधल्या त्या डॉक्टरनं छातीचा फोटो
खिडकीकडं धरेपर्यंत.

आई त्याबद्दल बोलत नाही.
एकदाच म्हणाली, झोपताना, भिंतीकडं तोंड करून,
माझा हात अजून थोडा चांगला असता
तर छाट कमी निघाली असती.

आज सोमवार. दर बदललाय.
मी जुना आकडा खोडते, नवा घालते,
विक्री, खरेदी, देय, भरलेला.
साहेब विचारतात, जुळतंय का?
जुळतंय, साहेब.
बोटं नाकाशी नेते. धुतली होती सकाळी,
साबणानं, दोनदा.